दूरस्थ बालवर्गातील संवादरचना

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला :
• मुद्रित चित्रफीत आणि थेट संवाद यांतील भेद भाषाविज्ञानाच्या दृष्टीने सांगता येईल.
• पडद्यावरील वर्गात बोलण्याची पाळी, दर्शक शब्द आणि ध्वनी यांबाबत उद्भवणाऱ्या अडचणी स्पष्ट करता येतील.
• पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एका छोट्या तासिकेचा आराखडा तयार करता येईल.

प्रास्ताविक

तुम्ही स्वतः दूरस्थ विद्यार्थी आहात. अध्यापक समोर नसताना छापील मजकुराशी संवाद साधणे प्रौढ वाचकाला जमते. लहान मुलाला ते जमत नाही. त्याला वाचन पुरते अवगत नसते आणि त्याची भाषा बोलण्या-ऐकण्यातूनच घडत असते. म्हणूनच २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा सर्वांत बिकट प्रश्न बालवर्गांपुढे उभा राहिला.

हा प्रश्न मात्र इंटरनेटहून जुना आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात दूरदूर विखुरलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे आकाशवाणीवरची शाळा सुरू झाली. उडत्या दवाखान्याच्या दुतर्फी रेडिओ यंत्रणेचा तिला आधार होता. आरंभी पाठ एकतर्फी असत. लवकरच त्यांना प्रश्नोत्तरांची जोड देण्यात आली. मुलाला ऐकू जाणे पुरेसे नाही, त्याचे बोलणेही कोणीतरी ऐकले पाहिजे, हे सूत्र तेव्हापासूनचे आहे.

१. थेट प्रतिसादाचे स्थान

पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीभाषक घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांना मँडरिन चिनी भाषा ऐकवण्यात आली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून बालकांनी त्या भाषेतील ध्वनिभेद आत्मसात केले. तेच साहित्य चित्रफितीवर दाखवले, तेव्हा ते साधले नाही. यावरून पडदाच निरुपयोगी आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१४ मधील दुसऱ्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ-संभाषणातून नवी क्रियापदे शिकली, मुद्रित चित्रफितीतून शिकली नाहीत. म्हणजे निर्णायक गोष्ट पडदा नसून प्रतिसाद ही आहे. मुलाच्या कृतीला, त्याच क्षणी, तिला साजेसे उत्तर मिळाले पाहिजे.

२. बोलण्याची पाळी

संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर अत्यल्प असते. दहा भाषांच्या एका तुलनात्मक अभ्यासात (२००९) ते सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद आढळले. ऑनलाइन वर्गात ध्वनी उशिरा पोचतो, त्यामुळे ही लय मोडते. परिणामी एकसुरात पाढे किंवा बडबडगीत म्हणून घेण्याची आपल्या शाळांतील रूढ पद्धत येथे निष्फळ ठरते; प्रत्येकाचा आवाज वेगळ्या क्षणी येतो आणि केवळ गलका उरतो. यावर उपाय असा : एका मुलाने म्हणावे, बाकीच्यांनी आपापला मायक्रोफोन बंद ठेवून त्याच्याबरोबर म्हणावे, आणि पाळी नाव घेऊन पुढे सरकावी.

मेरी बड रो यांच्या संशोधनानुसार शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात. ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढली की मुलांची उत्तरे दीर्घ होतात. पडद्यावर तर यापेक्षाही अधिक थांबावे. तेथील शांतता म्हणजे अज्ञान नव्हे. मूल मोबाइल भावंडाच्या हातून घेत असेल, किंवा शब्द जुळवत असेल.

३. ‘हे’ आणि ‘ते’ यांची अडचण

‘हे बघा’, ‘तिकडे पाहा’ या वाक्यांचा अर्थ बोलणारा आणि ऐकणारा यांच्या सामायिक अवकाशावर अवलंबून असतो. पडद्यावर तो अवकाशच नसतो. म्हणून दर्शक शब्दाऐवजी वर्णन वापरावे : ‘लाल छत्रीखालची मांजर’.

हीच उणीव अध्यापनाचे साधनही होऊ शकते. शिक्षिकेला मुलाचे स्वयंपाकघर दिसत नाही, तेव्हा मुलाच्या सांगण्याला खरे प्रयोजन लाभते. त्याने एक वस्तू पडद्याआड धरावी, वर्णन करावे आणि इतरांनी ती ओळखावी. तवा काळा, कढई काळी, पातेले काळे : लिंगानुसार विशेषण कसे बदलते, हे नियम न सांगता मुलाच्या तोंडी रुळते.

४. ध्वनी आणि ओठ

साध्या फोनवर उच्च कंप्रतेचे ध्वनी क्षीण होतात. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद पुसट होतो. पडद्यावर ओठ दिसले तरी प, ब, म यांची ओठांची ठेवण सारखीच भासते, आणि ल–ळ यांतील जिभेची हालचाल तर तोंडाच्या आत घडते. म्हणून सुटा ध्वनी न उच्चारता तो शब्दात आणि चित्रासह द्यावा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चे दोन उच्चार लिपी दाखवत नाही, ते कानानेच शिकावे लागतात.

५. घरची बोली आणि वर्गाची भाषा

शाळेत शिक्षिकेने केलेली दुरुस्ती वर्गापुरती राहते. ऑनलाइन वर्गात ती घरभर ऐकू जाते. ‘आमच्या घरला दोन शेरडं हायती’ असे मूल म्हणाले आणि ‘असे बोलू नये’ हे उत्तर आले, तर ते शेजारी बसलेल्या आईलाही उद्देशून ठरते, कारण ती भाषा तिचीच आहे. असे मूल पुढच्या वेळी मायक्रोफोन उघडत नाही. त्याऐवजी ‘अस्सं! तुमच्या घरी दोन शेरडं आहेत? त्यांची नावं काय?’ असे उत्तर द्यावे. येथे मुलाचा शब्द राखला जातो, प्रमाण रूप कानावर पडते आणि संवाद पुढे चालतो.

६. तासिकेचा नमुना

केंद्र शासनाच्या २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सुचवली होती. लहानांसाठी याहून आखूड तासिका इष्ट होय. सहा मुलांच्या गटासाठी २५ मिनिटांची विभागणी अशी करता येईल :
• नाव घेऊन स्वागत, प्रत्येकाला एक प्रश्न – ५ मिनिटे
• चित्र दाखवून गोष्ट, मध्येच थांबून ‘पुढे काय झाले असेल?’ – ७ मिनिटे
• घरातून वस्तू शोधून आणणे आणि ओळखणे – १० मिनिटे
• निरोप आणि घरच्यांशी बोलण्याचे एक काम – ३ मिनिटे

ज्या घरी स्मार्टफोन नाही, तेथे साधा फोन लावून दोन मुलांशी पाच मिनिटे बोलावे. प्रतिसादाच्या कसोटीवर हे बोलणे तासभराच्या चित्रफितीहून सरस ठरते.

सारांश

दूरस्थ बालवर्गाचे यश उपकरणावर नव्हे, तर प्रत्येक मुलाला मिळालेल्या पाळीवर मोजावे. प्रतीक्षा, नेमके वर्णन, शब्दासह ध्वनी आणि घरच्या बोलीचा आदर हे या रचनेचे चार आधार आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. एकसुरात म्हणून घेण्याची पद्धत ऑनलाइन वर्गात का अपुरी पडते?
२. दर्शक शब्दांची अडचण अध्यापनाचे साधन कशी होते, ते सोदाहरण लिहा.
३. उपक्रम : परिसरातील एखाद्या मुलाशी फोनवर पाच मिनिटे बोला. तुमची वाक्ये किती आणि त्याची किती, हे नोंदवून निष्कर्ष लिहा.