घाटात गाडी लागते, की धूर लागतो?

पावसाळा सुरू झाला की दाभोशाचा धबधबा पाहायला मुंबई-नाशिककडची मंडळी जव्हारमार्गे येतात. हौसेने जपलेल्या जुन्या फियाट, पद्मिनी, अॅम्बॅसडरही त्यांत असतात. वळणांच्या रस्त्यावर कोणाला उलटी झाली की ‘गाडी लागली’ म्हणून आवळासुपारी पुढे केली जाते. बहुधा निदान बरोबरच असते. पण गाडीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळ व सुस्ती आली आणि मोकळ्या हवेत उतरताच बरे वाटले, तर दोष वळणांचा नसून इंजिनाचा असू शकतो.

पेट्रोल जळताना थोडा वायू पिस्टनच्या कडेने निसटून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. रिंगा झिजल्या की त्याचे प्रमाण वाढते. त्यात न जळलेले पेट्रोल, ऑइलची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. पूर्वी तो एका नळीने गाडीखाली सोडून देत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा शोध घेताना कळले की, मोटारीतले न जळलेले इंधन केवळ सायलेन्सरमधून नव्हे, या नळीतूनही बाहेर पडते. म्हणून १९६१ पासून कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत हा वायू एका झडपेवाटे पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची सोय झाली. आपल्याकडे पेट्रोल गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली ती १९९१ मध्ये.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि अंगात रक्त कमी असणारे यांना धोका अधिक. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र यात फसवे ठरते. विषबाधा असूनही आकडा चांगला दाखवते.

तेव्हा जुनी गाडी घेऊन निघण्यापूर्वी एवढे करा. मिस्त्रीकडून ब्रीदरची नळी व झडप साफ करून घ्या. ऑइल गळते म्हणून नळीला बूच मारू नका. आत दाब वाढून ऑइल आणखी गळते आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडून धूर होतो. सायलेन्सरची भोके व गिअरच्या दांड्याखालचे फाटलेले रबर बदला. पीयूसीची तपासणी सायलेन्सरच्या तोंडाशी होते, तिच्यात या गळती सापडत नाहीत. पाऊस आहे म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून बसू नका.

त्रास झालाच तर प्रथम इंजिन बंद करा आणि सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. कोणी गुंगीत असेल, छातीत दुखत असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर बरे वाटले तरी थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘गाडीत धूर येत होता’ हे आवर्जून सांगा. या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते.