छंदाचा संगणक आणि आकड्याची पारख

१९३५ साली म्हैसूर शहरात एका प्राध्यापकाने आपल्या राहत्या घरी नभोवाणीचे केंद्र उभारले. हे गृहस्थ अभियंते नव्हते. महाराजा कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवीत. त्यांचे नाव एम. व्ही. गोपालस्वामी. त्यांच्या ‘विठ्ठल विहार’ या घरातील प्रक्षेपक अवघ्या ३० वॅट शक्तीचा होता. जुन्या काळी एखाद्या लहानशा विजेच्या दिव्याला जेवढी शक्ती लागे तेवढीच. या घरगुती केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाच्या नभोवाणीने तेच नाव धारण केले, हे श्रोत्यांना ठाऊक असेलच.

या हकीकतीत मला मोलाची वाटते ती एक गोष्ट. त्या काळचे यंत्र उघडून पाहता येत असे. कोणत्या तारेतून काय वाहते, कोणता भाग काढला असता आवाज बंद पडतो, हे जिज्ञासू माणसाला स्वतःच्या हाताने तपासता येई. आज आपल्या खिशातील फोन त्या यंत्राहून कितीतरी पटींनी समर्थ आहे. परंतु तो बंद पेटीसारखा आहे. तो आकडे दाखवितो आणि आपण ते मानतो. आकडा कोठून आला, हे विचारण्याची सोय त्यात फारशी उरलेली नाही. ही सोय पुन्हा मिळवून देणाऱ्या एका छोट्या साधनाविषयी आज मला बोलावयाचे आहे.

हे साधन म्हणजे एकाच बोर्डावर सामावलेला संपूर्ण संगणक. असे संगणक अनेक प्रकारचे मिळतात. त्यांपैकी सर्वांत परिचित तो ‘रास्पबेरी पाय’. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकण्यास येणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली आहे, आणि जी येतात त्यांचा हात यंत्रावर पूर्वीसारखा बसलेला नसतो, ही खंत एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना होती. त्यांच्या खटपटीतून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला बोर्ड विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर होती. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर. म्हणजे पाकिटात ठेवावयाच्या कार्डाएवढा आकार. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, पेटीही नाही. ती सर्व आपण जोडावयाची.

परंतु या बोर्डाच्या एका कडेला जे आहे, ते नेहमीच्या संगणकावर सहसा नसते. तेथे धातूच्या पिनांच्या दोन रांगा उभ्या असतात. २०१४ पासूनच्या बोर्डांवर त्या एकूण ४० आहेत. या पिनांच्या द्वारे संगणक बाहेरच्या जगाला स्पर्श करतो: दिवा लावतो, बटण दाबल्याचे ओळखतो, उष्णता मोजतो. याच पिनांवर अलगद बसेल असा दुसरा, जोड-बोर्ड मिळतो. त्याला इंग्रजीत ‘हॅट’ असेच नाव पडले आहे. आपणही त्याला टोपी म्हणू या.

अशा टोप्या पुष्कळ आहेत. कोणी आवाजासाठी, कोणी मोटारी चालविण्यासाठी. मी ‘सेन्स हॅट’ या टोपीचे उदाहरण घेतो. तिच्यावर हवेचा दाब, उष्णतामान, आर्द्रता, हालचाल आणि चुंबकीय दिशा मोजणारी साधने आहेत, आणि आठ ओळींत आठ असे ६४ रंगीत दिवे आहेत. २०१५ च्या डिसेंबरात असे दोन संगणक, डोक्यावर हीच टोपी घालून, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पोहोचले. ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक यांच्या तेथील मुक्कामात शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांवर चालले.

आता मांडणीचा क्रम पाहू. या कामाचा पहिला नियम असा की, एका वेळी एकच नवी गोष्ट जोडावी. टोपी बाजूला ठेवावी आणि आधी नुसता संगणक चालू करून पाहावा. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या संगणकावरून मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घ्यावी लागते. हे काम करणारा ‘इमेजर’ नावाचा मोफत प्रोग्रॅम निर्मात्यांनीच दिलेला आहे. आपले नाव, पासवर्ड आणि घरातील वाय-फायची माहिती तो आधीच विचारून घेतो. पूर्वी प्रत्येक बोर्डाला एकच ठरावीक नाव असे; सुरक्षिततेसाठी २०२२ पासून ती पद्धत बंद झाली आहे.

दुसरी गोष्ट विजेची. येथे पुष्कळांची फसगत होते. हाताशी पडलेला जुना फोनचा चार्जर लावला, तर संगणक सुरू होतो, पण जरा काम वाढले की अडखळतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या लोळाचे चिन्ह दिसले, तर समजावे की दाब अपुरा पडत आहे. चौथ्या पिढीच्या बोर्डाला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा चार्जर लागतो. पाचव्या पिढीसाठी ५ अँपिअरची शिफारस आहे. शेतातला पंप आणि घरातला पंखा एकाच तारेवर चालवू नये, हे आपल्याला पटते. तेच तत्त्व येथे लहान प्रमाणावर लागू आहे.

संगणक नीट चालला, की तो रीतसर बंद करावा, वीज काढावी, आणि मगच टोपी बसवावी. रीतसर बंद करणे याला अर्थ आहे. कार्डावर लिहिणे चालू असता वीज गेली, तर कार्डावरील मजकूर बिघडू शकतो. टोपीची भोके आणि बोर्डाची भोके एकावर एक आली पाहिजेत, म्हणजे टोपी बोर्डाच्या अंगावर राहते, बाहेर लोंबत नाही. चारही कोपऱ्यांत छोटे खांब लावून ती पक्की करावी. एक रांग चुकवून बसविली तर नुकसान होते. त्याचे कारण असे की, या पिनांपैकी दोन पिनांवर ५ व्होल्ट दाब असतो, आणि निरोप नेणाऱ्या पिना मात्र ३.३ व्होल्टच सोसू शकतात. चुकीच्या जागी ५ व्होल्ट गेले, तर क्षणात बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि त्यास दुरुस्ती सहसा नाही.

पुन्हा वीज दिली, की एक मौजेची गोष्ट घडते. टोपीवर एक लहानशी स्मरण-चकती असते. ‘मी कोण, मला कोणी घडविले, मला कोणत्या पिना हव्यात’ हे त्यात लिहिलेले असते. २७ आणि २८ क्रमांकाच्या पिना या ओळखीसाठीच राखून ठेवलेल्या आहेत. बदलीवर आलेला अधिकारी आदेशाचा कागद पुढे करून रुजू होतो, तसाच हा प्रकार. संगणक तो कागद वाचतो आणि त्याप्रमाणे टोपीला कामावर घेतो.

पुढचे संभाषण दोन तारांवर चालते. एक तार ताल धरते, दुसरी मजकूर वाहते. फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढलेली ही पद्धत ‘आय-टू-सी’ या नावाने ओळखली जाते. एकाच गल्लीत अनेक घरे असावीत आणि पोस्टमनने क्रमांक पाहून पत्र टाकावे, त्याप्रमाणे प्रत्येक मोजमाप-साधनाला आपापला पत्ता असतो. गल्लीत कोण कोण हजर आहे याची यादी दाखविणारी आज्ञा संगणकात असते. यादी रिकामी आली, तर प्रोग्रॅम लिहीत बसू नये. ही पद्धत संगणकाच्या सेटिंगमध्ये चालू केली आहे काय, आणि टोपी पिनांवर पूर्ण खाली बसली आहे काय, हे आधी पाहावे. यादी भरली, की पायथॉन भाषेत चार-पाच ओळी लिहून पहिला आकडा मिळविता येतो.

श्रोतेहो, येथवरचे काम हस्तकौशल्याचे. खरे शिक्षण पहिल्या आकड्यापासून सुरू होते.

समजा, हा प्रयोग आपण म्हैसुरात करीत आहोत. टोपीने हवेचा दाब दाखविला सुमारे ९२५ हेक्टोपास्कल. या मापाला पूर्वी मिलिबार म्हणत. आता फोन उघडावा. तेथे म्हैसूरचाच दाब १०१२ च्या आसपास दिसेल. कोणीही प्रथम म्हणेल की, ही स्वस्तातली टोपी बिघडलेली आहे. वस्तुतः दोन्ही आकडे बरोबर आहेत. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचावर वसले आहे. तेवढ्या उंचीवर डोक्यावरच्या हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी. परंतु हवामानशास्त्रज्ञांना निरनिराळ्या गावांच्या दाबांची तुलना करावयाची असते. म्हणून ते प्रत्येक आकडा, जणू ते गाव समुद्रकाठीच आहे, असा हिशेब करून मांडतात. फोन सांगतो तो हिशेबाचा आकडा. टोपी सांगते तो आपल्या छातीवर प्रत्यक्ष पडणारा दाब. मुंबईच्या श्रोत्याने हाच प्रयोग केला, तर त्याला या दोहोंत फारसा फरक आढळणार नाही, आणि हा प्रश्नही पडणार नाही.

याची खातरी करून घ्यावयाची असेल, तर संगणकाला योग्य शक्तीची पॉवर बँक जोडून चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या चढाव्यात. दर नऊ-दहा मीटर उंचीला दाब सुमारे एका हेक्टोपास्कलने उतरतो. माथ्यावर पोहोचेपर्यंत शहरातील आकड्यातून तीसेक वजा झालेले असतात. त्या ६४ दिव्यांवर आकडा सरकताना पाहत चढणाऱ्या मुलाला ‘उंचीबरोबर दाब कमी होतो’ हे वाक्य पुन्हा पाठ करावे लागत नाही.

आता उष्णतामान पाहू. टोपी दाखविते, समजा, ३५ अंश. उन्हाळ्याचे दिवस असले तर हा आकडा कोणालाही पटेल. पण शेजारी भिंतीवर टांगलेला साधा तापमापक २८ दाखवीत आहे. येथे मात्र टोपीचे चुकते. तिचे मोजमाप-साधन निर्दोष आहे. त्याची जागा चुकीची आहे. टोपीच्या खालीच संगणकाचा मुख्य भाग तापत असतो, आणि साधन त्याची ऊब प्रामाणिकपणे मोजते. उपाय सोपा आहे: ४० तारांची पट्टी वापरून टोपी संगणकापासून दूर न्यावी आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या, झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच का ठेवतात, हे मग न सांगता कळते.

पाहा, दोन आकडे आले. एक चुकीचा भासला आणि खरा ठरला. दुसरा खरा भासला आणि चुकीचा निघाला. कचेरीत रोज आकड्यांचे तक्ते हाताळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पावसाचे आकडे, पिकांचे आकडे, शाळेतील उपस्थितीचे आकडे, यांवर निर्णय होतात आणि त्या निर्णयांवर माणसांचे भले-बुरे अवलंबून असते. आकडा वाचणारे पुष्कळ असतात. तो कोणी, कोठे उभे राहून मोजला, असे विचारणारे थोडे. ही सवय व्याख्यानाने लागत नाही. स्वतः काही मोजून पाहिल्यानेच लागते.

अशा मुलासाठी आणखी एक प्रयोग सुचवितो. दर दहा मिनिटांनी दाब टिपून ठेवण्याचे काम संगणकावर सोपवावे आणि तीन-चार दिवस त्याला हात लावू नये. मात्र घड्याळाकडे लक्ष असावे. चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांत स्वतःची बॅटरी असलेले घड्याळ नाही. ते इंटरनेटवरून वेळ घेतात, आणि वीज जाऊन आली व इंटरनेट नसले, तर नोंदीतील वेळ चुकते. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. नोंदी पुऱ्या झाल्या, की त्यांचा आलेख काढावा. हवामान शांत असेल, तर आलेखात रोज दोन चढ आणि दोन उतार दिसतील: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा. समुद्राप्रमाणे हवेलाही भरती-ओहोटी आहे. ती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेने होते, आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ती विशेष स्पष्ट दिसते.

ही भरती-ओहोटी आपल्या प्रत्येकाच्या अंगावरून दिवसातून दोनदा जाते, आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो. घरातील टेबलावरच्या एका लहानशा बोर्डाने ती पकडावी, आणि आठवी-नववीतल्या मुलीने ‘हा चढ का आला?’ असे वडिलांना विचारावे. वडिलांना उत्तर देता आले नाही तरी चालेल; दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आकडा पुन्हा पाहावा.