ट्रेला तडा का गेला?

गेल्या वर्षी माघ महिन्यात मी ताईकडे खानापूरला गेलो होतो. ताईने चहा आणला तो स्टीलच्या ताटातून. आता यात लिहिण्यासारखे काय, असे कोणालाही वाटेल. पण तीनच महिन्यांपूर्वी, भाऊबीजेला, मी स्वतःच्या हाताने केलेला सागवानी ट्रे तिला दिला होता. तो ट्रे कपाटावर होता. त्यावर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर दाजींच्या लग्नातला फोटो. ताई आत गेल्यावर मी रुमाल उचलला. ट्रेच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा तडा गेला होता. पोस्टकार्ड आत सरकवता येईल एवढा.

ताई बाहेर आली, तिने पाहिले, आणि म्हणाली, "वापरते की रे मी. आजच तेवढा वर ठेवलाय." मी काही बोललो नाही.

हा ट्रे मला एवढा का लागला ते थोडे सांगतो. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षापासून माझी फी ताई भरते. लग्नाआधी भरत होती, लग्नानंतरही भरते. दिवसभर ब्लाउज शिवते आणि त्यातून भरते. दर भाऊबीजेला ती मला ओवाळते आणि मी तबकात पाचशेची नोट घालतो. ती नोट मुळात तिचीच. कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे मला हे फार खुपते. रोख रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, तर हिशेबात त्याला कॉन्ट्रा एन्ट्री म्हणतात. ती जमाही नव्हे आणि खर्चही नव्हे. माझी ओवाळणी म्हणजे सहा वर्षे चाललेली कॉन्ट्रा एन्ट्री होती. म्हणून ठरवले की, या खेपेला बाजारात न मिळणारी आणि तिच्या पैशांची नसलेली वस्तू द्यायची. आमचे जुने घर पाडले तेव्हाची दाराची सागवानी फळी माळ्यावर पडून होती. हत्यारे शेजाऱ्यांची. वेळ माझा.

पहिला ट्रे मी श्रावणात केला. अठरा इंच लांब, बारा इंच रुंद. चार बाजूंच्या पट्ट्या खिळ्यांनी जोडल्या, दोन फळ्या कडेला कड चिकटवून तळ केला, आणि तो तळ चौकटीला चारी बाजूंनी भरपूर फेविकॉल लावून, वर स्क्रू मारून पक्का केला. पक्का हाच शब्द मी त्या वेळी अभिमानाने वापरला होता. दिवाळीपर्यंत ट्रे ठणठणीत होता.

खानापूरहून परतल्यावर तडकलेला ट्रे पिशवीत घालून मी शहापुरातल्या बडिगेर अज्जांकडे गेलो. बडिगेर म्हणजे कानडीत सुतारच. आमच्या भागात त्यांना सगळे त्याच नावाने ओळखतात. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असले तरी कानडी मी गल्लीत शिकलो, त्यामुळे अज्जांशी बोलायला अडचण नव्हती. त्यांनी ट्रे उलटा केला, स्क्रू पाहिले, आणि हसले. "कट्टिगी उसिराडतैति, तम्मा," ते म्हणाले. बाळा, लाकूड श्वास घेते. "तू त्याचं नाक दाबलंस."

मला वाटले, ही म्हाताऱ्या माणसाची बोलण्याची लकब. मी वाद घातला. फळी चाळीस वर्षांची, पूर्ण वाळलेली; जुने लाकूड हलत नाही असे सगळेच म्हणतात. अज्जांनी दुकानाच्या दाराकडे बोट दाखवले. "हे दार माझ्या बापानं केलंय. आषाढात अजून चिकटतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या सर्वांच्या घरी एकतरी दार असे असतेच, की जे पावसाळ्यात खांदा लावल्याशिवाय बसत नाही आणि उन्हाळ्यात वाऱ्याने आपटते. पण दाराचा आणि आपल्या ट्रेचा संबंध आपण जोडत नाही.

नंतर ग्रंथालयात बसून मी याची कारणे शोधली. ती अज्जांच्या वाक्याहून फार वेगळी नाहीत.

लाकूड म्हणजे बुंध्याच्या दिशेने उभ्या रचलेल्या अतिशय बारीक नळ्या. कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणावी. झाड तोडले की आधी नळ्यांच्या पोकळीतले पाणी जाते. त्याने लाकडाचे वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडातला ओलावा सुमारे तीस टक्क्यांच्या खाली गेला, म्हणजे नळ्यांच्या भिंतींतले पाणी निघू लागते, आणि तिथून आकसणे सुरू होते. भिंती पातळ होतात. नळीची लांबी मात्र जवळजवळ तेवढीच राहते. पेंढी ओली झाली तर जाड होते, लांब होत नाही, तसेच हे. म्हणून लाकूड नसेच्या दिशेने, म्हणजे लांबीत, नगण्य बदलते आणि आडवे, म्हणजे रुंदीत, चांगलेच बदलते.

आता महत्त्वाचा मुद्दा. भिंतींतले पाणी एकदा गेले की कायमचे गेले, असे नाही. हवेत दमटपणा वाढला की ते परत येते, हवा कोरडी झाली की पुन्हा जाते. फळी चार महिन्यांची असो की चाळीस वर्षांची, हे चालूच राहते. वाळवण्याचा फायदा एवढाच की पहिले मोठे आकसणे आणि वाकणे आधीच होऊन जाते. बैलगाडीवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसून लोखंडी धाव सैल झाली की ते चाक पाण्यात भिजत ठेवायचे.

सागवान या बाबतीत फार सज्जन लाकूड आहे. आमच्या शेजारी दांडेलीच्या जंगलातून ते येते, आणि दारे-खिडक्यांना त्याला मान आहे तो उगाच नव्हे. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान, वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने मोजले तर, सुमारे ५.८ टक्के आकसते. गाभ्यापासून सालीच्या दिशेने मोजले तर फक्त २.५ टक्के. माझ्या तळाच्या फळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या, म्हणजे जास्त आकसणाऱ्या. तळाची रुंदी साडेअकरा इंच, म्हणजे २९२ मिलिमीटर. समजा श्रावणात फळीत १४ टक्के ओलावा होता आणि माघात तो १० टक्क्यांवर आला. तीस टक्के ओलावा जाताना ५.८ टक्के आकसते, तर चार टक्क्यांना किती? त्रैराशिक मांडले तर उत्तर येते सव्वादोन मिलिमीटर. सुताराच्या भाषेत पाऊण सूत. (आठ सुतांचा एक इंच.)

तडा मी मोजला होता. तो अर्ध्या सुतापेक्षा थोडा जास्त भरला.

तळाला पाऊण सूत आकसायचे होते. पण ट्रेच्या आखूड बाजूच्या पट्ट्यांत नस तळाच्या रुंदीच्या दिशेने धावत होती, आणि नसेच्या दिशेने लाकूड आकसत नाही. म्हणजे तळ आकसू पाहतो, चौकट तसूभर हलत नाही, आणि मध्ये फेविकॉल व स्क्रू दोघांनाही सोडत नाहीत. शेवटी लाकूड फाटले. गंमत म्हणजे ते दोन फळ्यांच्या सांध्यावर फाटले नाही, सांध्याच्या शेजारी फाटले. कडेला कड नीट चिकटवली तर तो सांधा लाकडाहून घट्ट होतो. माझी चिकटवणी चांगली होती, तिनेच घात केला.

यावर उपाय जुन्या वाड्यांच्या दारांत आपण रोज पाहतो. चौकटीच्या आतल्या बाजूला खोबण असते आणि मधली फळी त्या खोबणीत नुसती सरकवलेली असते. ना खिळा, ना सरस. तिला फुगायला आणि आकसायला जागा असते, आणि चौकट तिला पडू देत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत अज्जांच्या दुकानी बसून मी दुसरा ट्रे केला. लांब बाजूच्या पट्ट्या दोन इंच उंच, आखूड बाजूच्या तीन इंच, कारण त्यांत धरायची भोके पाडायची होती. पट्ट्यांची जाडी चार सूत. तळापासून दोन सूत वर, दोन सूत रुंद आणि दोन सूत खोल अशी खोबण चारी पट्ट्यांत खोबणीच्या रंध्याने पाडली. हे लिहायला एक ओळ लागली. पाडायला दोन दिवस लागले, आणि एक पट्टी वाया गेली. नस कुठल्या बाजूला चढते हे न पाहता रंधा मारला की लाकडाचे ढलपे निघतात. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखे ते होते.

तळाची फळी तीन सुती, कडेला उतरती रंधून दोन सूत केलेली. ती पूर्ण खोबण भरेल अशी रुंदीला साडेअकरा इंच लागली असती. अज्जांनी एक सूत कमी कापायला लावली. मे महिना, पुढे पाऊस, फळी फुगणार. दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे सूत मोकळे हवे. हाच ट्रे भर पावसाळ्यात केला असता तर फळी जवळपास पूर्ण बसवायची, कारण पुढे ती आकसणारच. हे ज्याला करून पाहायचे असेल त्याने आधी महिना पाहावा, मग फूटपट्टी घ्यावी. लांबीत मात्र सूट देण्याची गरज नाही. तळ एका बाजूला सरकून राहू नये म्हणून दोन्ही आखूड पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर फेविकॉलचा एक-एक थेंब. बाकी सगळे कोरडे.

कोपऱ्यांना या वेळी खिळे नाहीत. लांब पट्टीच्या टोकाला अर्ध्या जाडीची खाच पाडून त्यात आखूड पट्टी बसवली, चिकटवली, आणि बांबूच्या बारीक खुंट्या ठोकल्या. लाकडाचे आडवे कापलेले टोक फेविकॉल पिऊन टाकते, म्हणून नुसत्या चिकटवणीवर कोपरा सोडू नये. आमच्याकडे शिकंजे नव्हते. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती ट्रेभोवती ताणून गुंडाळली. चारी कोपरे एकदम दाबले जातात. मग दोन्ही कर्ण दोरीने मोजले. कर्ण सारखे भरले की ट्रे काटकोनात आहे. माझा एक कर्ण दीड सूत जास्त होता. ट्यूब ओली चिकटवणी असतानाच जरा तिरकी ओढल्यावर जमले.

कोणी विचारील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तळाला प्लायवूड का लावले नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक थर हलू पाहतो त्याला दुसरा धरून ठेवतो, त्यामुळे ते चौकटीला बेलाशक चिकटवावे. घाई असणाऱ्याने तेच करावे. मला घरच्या दाराचीच फळी हवी होती, कारण ताई लहानपणी त्याच दाराला टेकून माझी वाट पाहायची.

पॉलिशबद्दल थोडेच लिहितो. चपडा लाखेचे स्पिरिट पॉलिश दिसायला उत्तम, पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरी कडी उमटतात. चहाच्या ट्रेला ते नको. मी जवसाचे उकळवलेले तेल लावले. आपण जवसाची, म्हणजे अगशीची, चटणी खातो; पण दुकानातले हे तेल सुकवणारी द्रव्ये घातलेले, रंगकामाचे असते, खायचे नव्हे. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. शेंगतेल किंवा खोबरेल तसे सुकत नाही, चिकट राहते आणि वास मारते. पातळ हात द्यावा, पुसून काढावा, दिवसभर ठेवावा, पुन्हा द्यावा. असे चार वेळा. एक सावधगिरी मात्र कोणी विसरू नये. पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना तापते आणि बोळ्यातली उष्णता बाहेर न पडल्यास फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी दोरीवर मोकळी वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. लाकूड सुमारे घनफुटाचा बारावा हिस्सा, ते घरचेच. फेविकॉल, काचपेपर आणि तेल यांना लागलेले पैसे मी दुकानाच्या वह्या लिहून देण्याच्या कामातून मिळवले होते. मजुरी एकतीस तास. कॉस्टिंगच्या पुस्तकाप्रमाणे माझ्या एकतीस तासांची किंमत लावली, तर बाजारातला ट्रे कितीतरी स्वस्त पडला असता. अज्जांनी काही घेतले नाही. त्यांच्या नातवाच्या जी.एस.टी.च्या शंका मी सोडवून दिल्या.

ट्रे पावसाळाभर आमच्या माजघरात मुद्दाम ठेवला. तळ फुगला, खोबणीत घट्ट झाला, पण कोपरे उघडले नाहीत. भाऊबीजेला ताईने ओवाळल्यावर मी तबकात नोट घातली नाही, ट्रे तिच्या हातात दिला. तिने आधी तो उलटा करून तळ पाहिला. मग जुन्या दाराच्या कडीच्या स्क्रूचे भोक तिला दिसले. ते मी बुजवले नव्हते. बराच वेळ ती त्यावरून बोट फिरवत राहिली.

गेल्या आठवड्यात, पुन्हा माघातच, मी खानापूरला गेलो. चहा ट्रेमधूनच आला. कप उचलल्यावर मी लगेच तळ पाहू लागलो, तेव्हा दाजी हसले. तडा नव्हता. पण दोन्ही लांब कडांना, खोबणीच्या तोंडाशी, पाव सुताची फिकट रेघ दिसत होती. तळ आकसला होता आणि खोबणीत लपलेला, तेल न लागलेला काठ बाहेर आला होता. तळ बसवण्याआधी त्याला सगळीकडून तेल द्यायला हवे होते. हे अज्जांनी सांगितले होते की नाही, मला आठवत नाही.

"इथं रंग लावायचा राहिला की रे," ताई म्हणाली, आणि मशीनच्या खणातून तिने कापसाचा बोळा काढून दिला.