बॅटरीला झोपायच्या खोलीत जागा नको

भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरची पेटी भिंतीवर कुठेही बसली. पेच पडला तो बॅटरीचा. १५० ॲम्पिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीचे वजन ॲसिडसह ५० ते ६० किलो भरते. एवढा जड, कुरूप डबा फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे? मग डोळ्याआड होईल अशी जागा शोधली जाते. पलंगाची कड, कपाटाचा खालचा खण, जिन्याखालचा कोनाडा, क्वचित देवघराखालचे कपाट. डोळ्याआडची जागा म्हणजे बहुधा हवा न खेळणारी जागा. ती या बॅटरीसाठी वाईट आणि तिच्या शेजारी झोपणाऱ्यांसाठी त्याहून वाईट.

कारण ही बॅटरी वायू सोडते. गॅस्टन प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-ॲसिड बॅटरी तयार केली. त्यानंतर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण शिशाच्या प्लेट आणि पातळ गंधकाम्ल हे मूळ रसायन तेच राहिले. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल असतात. बॅटरी भरत आली आणि चार्जिंगचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास गेला, की जास्तीची वीज आतल्या पाण्याचे विघटन करू लागते. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि झाकणांच्या छिद्रांतून बाहेर पडतात. दर दोन-तीन महिन्यांनी पाणी घालावे लागते ते याचमुळे.

यात किती हायड्रोजन निघतो? इन्व्हर्टरचा चार्जर बिघडला आणि भरलेल्या बॅटरीत तासभर १० ॲम्पिअर वीज ढकलत राहिला, तर सहा सेलमधून मिळून साधारण २५ लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन मिसळला तरी मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे घट्ट बंद, अर्धा घनमीटर आकाराचे कपाट धोक्याच्या पातळीवर जायला तास पुरेसा आहे. चार्जर ठीक असेल तर शेवटी प्रवाह अगदी कमी होतो आणि वायूही थोडाच निघतो. हवा खेळती असेल तर तो लगेच विरतो. पण बंद कोनाड्यात तो वर साठतो. त्याला ना रंग, ना वास. मग सैल टर्मिनलची एखादी ठिणगी किंवा वरच्या देवघरातली समई पुरते.

वास येतो तो दुसऱ्या वायूचा. बॅटरी फार तापली, एखादा सेल निकामी झाला आणि चार्जिंग तसेच चालू राहिले, तर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. सडक्या अंड्यासारखा वास ही त्याची खूण. डोळे चुरचुरणे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर अशी लक्षणे दिसतात. अनेकदा गॅस सिलिंडर गळतोय किंवा गटार तुंबले असे समजून शोध भलतीकडेच सुरू होतो. या वायूचा कावा असा की प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे धरून चालू नये. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी खोलीबाहेर पडावे, मुख्य स्वीच खोलीबाहेर असेल तर तेथून वीज बंद करावी आणि बॅटरी गार होईपर्यंत तिला हात लावू नये.

हा धोका सर्वांत ठळक दिसतो तो मोटरहोममध्ये, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या गाड्या आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. त्यांत इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी आणि दिवे, पंखे, फ्रिज चालवणारी वेगळी. ही दुसरी अनेकदा थेट बिछान्याखाली असते. तिथे रात्री कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र वाजते आणि शेगडीत काही दोष सापडत नाही. दोषी असते जादा चार्ज झालेली बॅटरी, कारण त्या यंत्रातले अनेक संवेदक हायड्रोजनलाही प्रतिसाद देतात. जाणकार गाडीमालक म्हणूनच ही बॅटरी बाहेरून हवा येणाऱ्या वेगळ्या कप्प्यात हलवतात.

घरातली बॅटरीही हलवता येते, फक्त ती नुसती ओढत नेण्याची गोष्ट नाही. बाल्कनी, पॅसेज, हवेशीर कोरडी जागा चांगली. मात्र तिथे दुपारचे ऊन आणि पावसाची झड येता कामा नये. बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर दर १० अंशांनी वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेली बॅटरी लवकर का मरते, याचे उत्तर त्यात आहे. खाली ॲसिडला दाद न देणारा प्लास्टिकचा ट्रे किंवा ट्रॉली हवी. रांगते मूल आणि केरसुणी, दोघांच्याही वाटेत ती नको.

हलवताना सर्वांत मोठी चूक वायरीत होते. इन्व्हर्टर जुन्याच जागी ठेवून बॅटरी लांब नेली जाते आणि मधे हाताला लागेल ती वायर जोडली जाते. ८०० वॉटचा भार १२ व्होल्टवर चालवायला जवळपास ७० ॲम्पिअर लागतात. बॅटरी तीन मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर तांब्याची वायर झाली. ती १० चौरस मिलिमीटरची असेल तर वाटेतच पाऊण व्होल्ट खर्च होतो. वायर तापते आणि बॅटरीत वीज शिल्लक असूनही इन्व्हर्टर ‘बॅटरी लो’ म्हणत बंद पडतो. म्हणून बॅटरीबरोबर इन्व्हर्टरही हलवावा आणि लांबवायची असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवावी. बॅटरीच्या वायरी जाड आणि आखूडच बऱ्या; धन टर्मिनलजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. हे काम वायरमनचे आहे, पण फ्यूज बसवला का, हे घरातल्यांनी विचारायला हवे.

काम सुरू करण्याआधी इन्व्हर्टरचा मेन बंद, मग इन्व्हर्टरही बंद. नुसता मेन बंद केला तर इन्व्हर्टर बॅटरीवरून घरात वीज देतच राहतो. टर्मिनल सोडताना आधी ऋण, मग धन. जोडताना उलट क्रम. अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढून ठेवाव्यात आणि वाकून काम करायचे असेल तर मंगळसूत्रही. दोन टर्मिनलना एकाच वेळी टेकलेला धातू क्षणात लाल होतो. डोळ्यावर चष्मा हवाच. ॲसिड डोळ्यात उडालेच तर किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या ॲसिडसाठी, डोळ्यासाठी नव्हे.

निगा तशी थोडीच. पाणी डिस्टिल्डच घालायचे. आरओचे पाणी स्वच्छ असते, पण त्यात क्षार उरतात. एसीच्या नळीतले पाणी कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येते. दोन्ही प्लेटना मानवत नाहीत. पाणी बॅटरी भरल्यावर घालावे, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर सांडते. प्लेट उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतके पाणी आधी घालून मगच चार्ज करावे. ॲसिड वरून कधीच घालू नये. कमी होते ते पाणी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्याने धुवून, कोरडी करून पेट्रोलियम जेलीचा हलका थर द्यावा.

रिकामी बॅटरी तशीच महिनोन् महिने पडली की प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता जाते. मे महिन्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी ती पूर्ण भरून, वायर सोडून जावे. सीलबंद बॅटरीला पाणी लागत नाही, पण जादा चार्ज झाल्यास तिच्या झडपेतूनही वायू सुटतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी नेहमीच्या वापरात वायू सोडत नाही आणि वजनालाही हलकी. मात्र जुना चार्जर तिला चालेलच असे नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याचा मोह टाळावा. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीचे ॲसिड नाल्यात आणि शिशाची धूळ आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे दिली, तर तिच्या वजनाचे पैसे बहुधा नव्या बिलातून वजा होतात.