घरच्या काचपेटीत फायटर माशाची पैदास

शोभिवंत मासे पाळण्याचा छंद आज चाळीतील छोट्या खोलीतही पोहोचला आहे. फायटर मासा देखणा असतो व थोड्या जागेत राहतो. साहजिकच घरीच पिल्ले वाढवून चार पैसे मिळवावेत, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. परंतु अंडी मिळविणे हे त्यातील सर्वांत सोपे काम होय. खरी कसोटी पुढेच लागते.

हा मासा मूळचा थायलंडमधील उथळ, संथ पाण्यातला. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादी तयार नसेल तर तो तिचे पर फाडतो, प्रसंगी जीवही घेतो. म्हणून मादीला प्रथम त्याच पेटीत काचेच्या बरणीत ठेवावे. घरटे बांधून झाल्यावर आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसल्यावरच तिला मोकळे सोडावे. पाण्याचे तापमान २७-२८ अंश सेल्सिअस असावे.

खाली पडणारी अंडी नर तोंडाने वेचून घरट्यात ठेवतो. हे संपताच मादीला बाहेर काढावे. एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात व आणखी दोन-तीन दिवसांनी आडवी पोहू लागतात. आता नरालाही हलवावे, नाहीतर तो पिल्ले खाण्याचा धोका असतो.

बहुतेकांची निराशा याच टप्प्यावर होते. पिल्लांच्या पोटाशी असलेला पिवळा बलक संपतो आणि बाजारातील भुकटी त्यांच्या तोंडात मावत नाही. त्यांना लागतात पाण्यातील सूक्ष्म जीव. ते वाढविण्यासाठी पेटीतील जुन्या पाण्यात केळीची साल किंवा कोबीचे पान घालून ती बरणी आठवडाभर आधीच उजेडात ठेवावी. काहीजण उकडलेल्या अंड्याचा बलक देतात. परंतु तो जास्त झाला की कुजतो, अमोनिया वाढतो व पिल्ले एका रात्रीत दगावतात. तळाचा गाळ बारीक नळीने रोज काढावा. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, क्लोरीन उडाल्यावर, थोडे थोडे घालावे.

हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो. त्यासाठी लागणारे इंद्रिय पिल्लांत काही आठवड्यांनी तयार होते. त्या काळात वरची हवा उबदार व दमट राहावी म्हणून पेटीवर झाकण ठेवावे. हिवाळ्यात हे विशेष महत्त्वाचे.

शेवटची अडचण जागेची. एका वेळी शंभराहून अधिक पिल्ले होऊ शकतात. दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागतात. मग प्रत्येकाला स्वतंत्र बरणी, रोजचे अन्न व स्वच्छ पाणी द्यावे लागते. जास्तीची पिल्ले विहिरीत किंवा तळ्यात सोडणे हा उपाय नव्हे. परक्या माशांनी तेथील जीवांना अपाय होऊ शकतो.

म्हणून जोडी आणण्यापूर्वी आपण किती बरण्या सांभाळू शकू, हे आधी मोजावे. जन्माला घातलेल्या प्रत्येक जीवाची जबाबदारी आपलीच असते, हे ध्यानात ठेवूनच हा छंद करावा.