अभ्यागत व्हिसा, विवाह आणि कायम वास्तव्य : अमेरिकी स्थलांतर कायद्यातील तरतुदींचा विवेचक अभ्यास

प्रस्तावना :

विवाह ही दोन कुटुंबांची खाजगी बाब मानली जाते. तथापि वधू आणि वर भिन्न देशांचे नागरिक असले की राज्यसंस्था हा तिसरा पक्षही त्या संबंधात येतो. अमेरिकेने १९६५ मध्ये राष्ट्रनिहाय कोटा पद्धती रद्द केल्यानंतर भारतातील, आणि त्यात महाराष्ट्रातील, सुशिक्षित वर्ग तेथे मोठ्या संख्येने गेला. त्यातून सीमापार विवाहांचे प्रमाणही वाढले. बहिणीकडे किंवा मित्रपरिवाराकडे अभ्यागत व्हिसावर गेलेल्या व्यक्तीचा तेथेच विवाह ठरतो आणि लगेच प्रश्न उभा राहतो, की आता परत यावयाचे की तेथेच राहून कायम वास्तव्यासाठी अर्ज करावयाचा?

याविषयी आपल्याकडे दोन टोकाचे समज आढळतात. विवाह झाला की ग्रीन कार्ड आपोआप मिळते, हा पहिला समज. आणि अभ्यागत व्हिसावर विवाह करणे हाच गुन्हा आहे, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे असून त्यांपायी अनेकांना दीर्घकाळ परिणाम भोगावे लागतात.

लेखाची उद्दिष्टे :

१) अभ्यागत व्हिसाचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे.
२) जोडीदाराच्या दर्जानुसार अर्जाच्या मार्गात पडणारा फरक मांडणे.
३) प्रवेशसमयीचा हेतू आणि विवाहाचा खरेपणा या दोन कसोट्यांचे विवेचन करणे.
४) अर्जदार जोडीदाराच्या परावलंबनाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो अमेरिकेच्या १९५२ च्या ‘इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट’ व त्यातील पुढील दुरुस्त्यांपुरता मर्यादित आहे.

अभ्यागत व्हिसाचे स्वरूप :

पर्यटन, आप्तांची भेट किंवा वैद्यकीय उपचार यांसाठी बी-२ व्हिसा दिला जातो. अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे कायदा प्रथम गृहीत धरतो. ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी कलम २१४(ब) नुसार अर्जदारावर असते. मायदेशातील नोकरी, मालमत्ता, कुटुंब यांविषयी विचारणा होते ती याच कारणाने.

येथे व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत यांत फरक करणे आवश्यक आहे. भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. परंतु प्रत्येक खेपेस किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत तारीख नमूद होते. ही मुदत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची असते. पारपत्रातील शिक्का पाहून निश्चिंत राहणारी व्यक्ती नकळत मुदतबाह्य ठरू शकते.

या व्हिसावर असताना विवाह करण्यास मनाई नाही. विवाह करून मायदेशी परतण्याच्या उद्देशाने जाणाऱ्यासही हा व्हिसा मिळू शकतो. मनाई आहे ती कायम राहण्याचा हेतू लपवून प्रवेश मिळवण्यास.

जोडीदाराचा दर्जा : तीन भिन्न परिस्थिती :

आपल्याकडे ‘मुलगा अमेरिकेत असतो’ एवढे सांगितले की पुष्कळ माहिती मिळाली असे मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या एका वाक्यात तीन निरनिराळ्या परिस्थिती दडलेल्या असतात.

पहिली, जोडीदार अमेरिकेचा नागरिक असणे. नागरिकाची पत्नी वा पती ‘निकटचा नातेवाईक’ या वर्गात मोडतो आणि या वर्गास वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अधिकृत तपासणी होऊन देशात प्रवेश मिळालेली अशी व्यक्ती कलम २४५ नुसार देशाबाहेर न जाता ‘अ‍ॅडजस्टमेंट ऑफ स्टेटस’, म्हणजे दर्जाबदल, मागू शकते. मुक्कामाची मुदत उलटली असली तरी तेवढ्यावरून हा मार्ग तिला बंद होत नाही.

दुसरी, जोडीदार ग्रीन कार्डधारक असणे. येथे संख्येची मर्यादा लागू होते आणि क्रमांक येईपर्यंत प्रतीक्षा करावी लागते. ही प्रतीक्षा अभ्यागताच्या मुक्कामाहून दीर्घ ठरू शकते. मुदतबाह्य राहिल्यास देशातून अर्ज करण्याची पात्रता सामान्यतः जाते. म्हणून बहुतेकांना मायदेशी परतून वाट पाहणे भाग पडते.

तिसरी, जोडीदार एच-१बी यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणे. अशा विवाहातून एच-४ हा आश्रिताचा दर्जा मिळू शकतो. परंतु तो कायम वास्तव्य नव्हे. नोकरदाराचा दर्जा संपुष्टात आला की आश्रिताचाही संपतो. स्थळ पाहताना शिक्षण व वेतन यांची चौकशी होते, तशीच या दर्जाचीही होणे अगत्याचे आहे.

प्रवेशसमयीचा हेतू :

देशात शिरताना व्यक्तीच्या मनात काय होते, हा या विषयातील कळीचा मुद्दा होय. भेटीसाठी आल्यावर परिस्थिती बदलली व विवाह ठरला, तर त्यात फसवणूक नाही. मात्र विवाह व वास्तव्य आधीच ठरवून अधिकाऱ्यास ‘केवळ फिरावयास आलो’ असे सांगणे, किंवा व्हिसाच्या अर्जात विवाहित असूनही अविवाहित लिहिणे, हे हेतुपुरस्सर खोटे निवेदन ठरते.

स्थलांतर अपील मंडळाने काव्हाझोस (१९८०) आणि इब्राहिम (१९८१) या प्रकरणांत या मुद्द्याचा ऊहापोह केला. त्यातून असे तत्त्व पुढे आले, की नागरिकाच्या निकटच्या नातेवाइकाच्या बाबतीत, अन्य गंभीर प्रतिकूल बाबी नसतील तर केवळ पूर्वनियोजित हेतूच्या आधारे अर्ज फेटाळला जाऊ नये. परंतु हेतू मनात असणे आणि प्रत्यक्ष खोटे बोलणे यांत भेद आहे. खोटे निवेदन सिद्ध झाल्यास व्यक्ती कायमची अपात्र ठरते. त्यातून सूट हवी असल्यास नागरिक वा ग्रीन कार्डधारक असलेल्या पती, पत्नी किंवा आई-वडिलांना आत्यंतिक हालअपेष्टा सोसाव्या लागतील, हे दाखवावे लागते.

या संदर्भात ‘नव्वद दिवसांच्या नियमा’चा उल्लेख वारंवार होतो. परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये जुन्या तीस-साठ दिवसांच्या निकषाऐवजी हा निकष स्वीकारला. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत विवाह करून वास्तव्य सुरू केल्यास खोट्या निवेदनाचे अनुमान काढता येते. अर्जदार ते पुराव्याने खोडून काढू शकतो. हा निकष वाणिज्य दूतावासांसाठी आहे. अर्जाचा निर्णय देणाऱ्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागावर तो बंधनकारक नाही. त्यामुळे एक्याण्णवाव्या दिवशी विवाह केला म्हणजे सर्व निर्वेध झाले, हा समज निराधार होय.

अर्जाची प्रक्रिया :

विवाहाचा परवाना त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार स्थानिक कार्यालयातून घ्यावा लागतो. परवान्याशिवाय मंदिरात सप्तपदी झाली तरी तिचा या अर्जासाठी भरवसा धरता येत नाही. पूर्वीचा विवाह झालेला असल्यास तो कायदेशीररीत्या संपुष्टात आल्याचा पुरावा लागतो.

नागरिक जोडीदार आय-१३० ही याचिका दाखल करतो आणि अर्जदार आय-४८५ हा अर्ज त्यासोबत देऊ शकतो. वैद्यकीय तपासणीचा अहवालही लागतो. जोडीदाराला आय-८६४ हे आर्थिक हमीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे संघीय दारिद्र्यमर्यादेच्या १२५ टक्के असणे अपेक्षित आहे. घटस्फोट झाला तरी ही हमी संपत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

अर्ज प्रलंबित असताना दोन पथ्ये महत्त्वाची आहेत. कामाचा परवाना मिळण्यापूर्वी नोकरी करू नये. आणि प्रवासाची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय देश सोडू नये. विनापरवानगी बाहेर गेल्यास अर्ज सोडून दिला असे सामान्यतः मानले जाते. शिवाय १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून बाहेर पडणाऱ्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक वास्तव्य करणाऱ्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. आजारी आईला पाहण्यासाठी घाईने मायदेशी आलेली व्यक्ती अशा रीतीने संसारापासून कित्येक वर्षे दुरावू शकते.

तसेच याचिका मंजूर होणे म्हणजे दर्जा मिळणे नव्हे. केवळ याचिकेमुळे हद्दपारीपासून संरक्षण मिळत नाही, ही बाब संबंधित विभागाने २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत पुन्हा स्पष्ट केली.

विवाहाचा खरेपणा आणि सशर्त वास्तव्य :

दुसरी कसोटी विवाह खरा असण्याची आहे. मुलाखतीत उभयतांस दैनंदिन जीवनाविषयी प्रश्न विचारले जाऊ शकतात. संयुक्त बँक खाते, घरभाड्याचा करार, विमा, छायाचित्रे यांवरून एकत्र संसाराची खात्री केली जाते. बनावट विवाहास पाच वर्षांपर्यंत कारावास व अडीच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे.

१९८६ च्या दुरुस्तीनुसार, वास्तव्य मंजूर होताना विवाहास दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य मिळते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत उभयतांनी संयुक्तपणे आय-७५१ अर्ज करून अट काढून घ्यावयाची असते.

परावलंबनाचा प्रश्न :

या व्यवस्थेची सामाजिक बाजू येथे दिसून येते. याचिका जोडीदाराची, हमी त्याची आणि अट काढण्यास स्वाक्षरीही त्याचीच. ‘तुझे कागद मागे घेतो’ या धमकीचे बळ यातूनच निर्माण होते. परक्या देशात माहेरचे माणूस जवळ नसलेल्या स्त्रीला ती अधिक जाचते. या वास्तवाची दखल घेऊन १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने, नागरिक वा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ सोसणाऱ्या व्यक्तीस स्वतःची याचिका स्वतः दाखल करण्याचा हक्क दिला. आय-७५१ बाबतही छळ किंवा घटस्फोट झाल्यास, विवाह प्रामाणिकपणे केला होता हे दाखवून एकट्याने अर्ज करता येतो. न्यू जर्सीतील ‘मानवी’ (स्थापना १९८५) आणि न्यूयॉर्कमधील ‘सखी’ (स्थापना १९८९) या संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी कार्य करीत आल्या आहेत.

पर्यायी मार्ग :

वास्तव्याचा निर्णय आधीच झाला असेल तर सरळ मार्ग दोन आहेत. नागरिकाच्या वाग्दत्त वधू-वरासाठी के-१ व्हिसा असून त्यावर प्रवेशानंतर ९० दिवसांत विवाह करावा लागतो. अथवा विवाह करून भारतातूनच स्थलांतरित व्हिसासाठी अर्ज करता येतो. अशा मुलाखती प्रामुख्याने मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात होतात. या मार्गांत काही काळ विरह सोसावा लागतो. मात्र हेतू लपवण्याचा प्रसंग येत नाही.

निष्कर्ष :

१) अभ्यागत व्हिसावर विवाह करणे बेकायदा नाही, पण विवाहाने केवळ अर्जाचा मार्ग खुला होतो, वास्तव्याचा हक्क आपोआप प्राप्त होत नाही.
२) हा मार्ग मुख्यतः नागरिकाच्या जोडीदारास उपलब्ध आहे, म्हणून विवाह ठरवतानाच जोडीदाराचा दर्जा कागदोपत्री तपासावा.
३) मुदत उलटल्याचा दोष निकटच्या नातेवाइकास क्षम्य ठरू शकतो, खोट्या निवेदनाचा दोष मात्र आयुष्यभर पाठ सोडत नाही.
४) पारपत्र, विवाह प्रमाणपत्र व अर्जाच्या प्रती अर्जदाराने स्वतःजवळ ठेवाव्यात आणि आपले स्वतंत्र हक्क जाणून घ्यावेत.

थोडक्यात, विवाहाचा खरेपणा आणि प्रवेशाच्या वेळी दिलेल्या उत्तराचा खरेपणा या दोन आधारांवर हा अर्ज उभा राहतो. मुलीला वा मुलाला परदेशी पाठवणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट लग्नाची तारीख काढण्यापूर्वी समजून घेतल्यास पुढील पुष्कळ मनस्ताप टळेल.