पांढऱ्या अंगावरचे डाग

कोकणात पांढरं कुत्रं पाळलं की पावसाळ्याचे चार महिने उंबऱ्याशी जुना पंचा टांगून ठेवावा लागतो. आमची बर्फी स्पिट्झ जातीची आहे. आपल्याकडे या कुत्र्यांना सगळे पॉमेरियनच म्हणतात. अंगणात एक फेरी मारून आली की चारही पाय तांबडे, पोटाखालची झालर तांबडी, शेपटीचा गोंडासुद्धा तांबडा. येणारा-जाणारा विचारतो, हिला रोज आंघोळ घालता का? नाही घालत. रोजच्या आंघोळीने कातडी कोरडी पडते, खाज सुटते आणि कुत्रं स्वतःला चाटत बसलं की त्या चाटण्याचेच डाग पडतात. डाग काढायचा तर आधी तो कशाचा आहे हे कळायला हवं. पाणी आणि शाम्पू त्यानंतर.

तांबडी माती दिसायला भयंकर, पण काढायला सगळ्यांत सोपी. जांभ्याच्या मातीला तो रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. हे कण पाण्यात विरघळत नाहीत, केसांत नुसते अडकून बसतात. ओल्या चिखलावर शाम्पू ओतून चोळत बसलं तर ते वरच्या लांब केसांतून खालच्या दाट लवीत उतरतात आणि मग निघता निघत नाहीत. म्हणून पंच्याने नुसतं टिपून घ्यायचं आणि कुत्रीला पडवीत बसवून चिखल वाळू द्यायचा. वाळला की बोटांनी चुरायचा, रुंद दातांचा कंगवा फिरवायचा, मग तारांचा ब्रश. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर मातीची रास पडते. एवढं झाल्यावर जी फिकट झाक उरते तिला कोमट पाणी पुरतं. कपड्यावरच्या गंजाच्या डागाला लिंबू-मीठ लावायची आपल्या घरांत रीत आहे. ती कुत्र्यावर चालवू नये. त्या आंबटाने कातडी चुरचुरते, आणि जिथे आधीच ओरखडा असेल तिथे जनावर अक्षरशः किंचाळतं.

आंघोळ घालायची त्या दिवशी न्हाणीघरात नेण्याआधीच सगळे केस विंचरून काढायचे. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गुंता असतो. त्यावर पाणी पडलं की तो आवळतो आणि त्याची घट्ट जट बनते. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. माणसाच्या कातडीचा स्वभाव आम्लाकडे झुकलेला असतो, कुत्र्याच्या कातडीचा त्या मानाने उदासीन, त्यामुळे आपला शाम्पू तिला मानवत नाही. शाम्पू तांब्याभर पाण्यात कालवून ओतला तर दाट केसांत सारखा पोचतो. धुऊन काढताना घाई नको, कारण आत राहिलेला फेस वाळला की त्यावर धूळ चिकटते आणि पांढरे केस मळकट दिसायला लागतात. खरा कस लागतो तो वाळवताना. वरून कोरडं वाटणारं अंग आत बोट घातलं की ओलं लागतं. पावसाळी हवेत ती ओल तशीच राहिली तर वास येतो, कातडी लाल होते. पंख्याखाली बसवून, केस उलटे फिरवत, मुळापर्यंत वाळवायला तास-दीड तास सहज जातो. तेवढी सवड नसेल त्या दिवशी आंघोळच घालू नये.

हळदीचा डाग मात्र मराठी घरातला. कुत्र्याला खरचटलं की कुणीतरी मायेने हळद दाबतं. बर्फीच्या कानाला काटा लागला तेव्हा शेजारच्या काकूंनी तेच केलं आणि कानापासून गालापर्यंत पिवळा पट्टा उमटला. तो साबणाच्या वडीने धुवायला घेतला की क्षणात लालभडक होतो. पाहणाऱ्याला वाटतं, जखम उघडली. रक्त नसतं ते. हळदीतल्या कर्क्युमिनचा रंग अल्कधर्मी पदार्थ लागला की लाल होतो, आणि साबणाची वडी अल्कधर्मी असते. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून डागावर थोडं खोबरेल चोळून, दहा मिनिटांनी सौम्य शाम्पूने ते तेल काढायचं. उरलेलं काम उन्हावर सोपवावं, कारण उजेडात कर्क्युमिन टिकत नाही. सकाळचं कोवळं ऊन खात अंगणात बसलेल्या कुत्रीचा पिवळेपणा आठवडाभरात बराच विरतो.

खोबरेलाचा उपयोग आणखी एका ठिकाणी होतो. उभ्या गाडीखाली सावलीला झोपायची सवय असलेल्या कुत्र्याच्या पाठीवर ऑइलचा किंवा ग्रीसचा काळा पट्टा येतो. रस्त्याचं काम चालू असेल तर पंज्यांना डांबर लागतं. तेलाने ते सैल होतं आणि मग शाम्पूने निघतं. रॉकेल किंवा पेट्रोल लावायचा सल्ला फार जण देतात. तो ऐकू नका. त्याने कातडी भाजते, आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं.

बाहेरून लागलेले डाग असे एकेक करून आटोक्यात येतात. अवघड असतात ते अंगातूनच आलेले. पांढऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून नाकाकडे उतरणाऱ्या तपकिरी रेघा सर्वांनी पाहिलेल्या असतात. तांबड्या रक्तपेशींची शरीरात सतत मोडतोड चालू असते. त्यातून पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं तयार होतात. त्यांतली बहुतेक पित्तावाटे आतड्यात जातात, थोडी अश्रूंत आणि लाळेत उतरतात. काळ्या कुत्र्याच्या अश्रूंतही ती असतातच, फक्त त्याच्या तोंडावर दिसत नाहीत. पांढरा केस सतत ओला राहिला की रंग त्यात मुरतो आणि उजेडाने गडद होत जातो. मुरलेला रंग कशानेही पुरता जात नाही. तो केस वाढून, कापून किंवा गळूनच जातो. म्हणून तिथे काम असतं ते नवा केस कोरडा ठेवण्याचं. उकळून निववलेल्या पाण्यात कापूस बुडवून, पिळून, डोळ्यापासून दूर नेत पुसायचं. प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग कोरड्या कापसाने टिपायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ नेऊच नये. बुबुळाला इजा होते.

पण पुसता पुसता एक प्रश्न विचारावाच लागतो: पाणी गालावर का येतंय? कुत्र्याच्या पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात, वर एक आणि खाली एक, अशी बारीक छिद्रं असतात. तिथून अश्रू एका नळीने नाकात उतरतात. ती नळी बुजली असेल, पापणी आत वळली असेल, एखादा केस बुबुळावर घासत असेल, ॲलर्जी किंवा डोळ्याची सूज असेल, तर पाणी बाहेर ओघळतं. आमच्या पशुवैद्यांनी बर्फीच्या डोळ्याला फ्लुरोसिनची नारिंगी पट्टी टेकवली. डोळ्यातलं पाणी हिरवंगार झालं. मग आम्ही सगळे तिच्या नाकपुडीकडे बघत थांबलो. थोड्या वेळाने तिथे हिरवा ओलावा दिसला, म्हणजे नळी मोकळी होती. तोच रंग बुबुळावरच्या ओरखड्यावरही चिकटून दिसतो, त्यामुळे तेही पाहून झालं. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत हा रंग कधी नाकाऐवजी घशात उतरतो, तेव्हा नाकपुडी कोरडी दिसली म्हणून लगेच घाबरायचं कारण नसतं. एवढी साधी तपासणी महिनोन्‌महिने डागांवर पैसे घालवणाऱ्या अनेकांनी करून घेतलेली नसते, याचं मला वाईट वाटतं.

पैसे घालवायला बाजारात पुष्कळ काही आहे. जेवणात मिसळायच्या काही पावडरींनी डाग खरोखर कमी व्हायचे, कारण त्यांत टायलोसिन हे प्रतिजैविक असे. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उत्पादकांना ताकीद दिली: हे औषध कुत्र्या-मांजरांसाठी किंवा अश्रूंच्या डागांसाठी मंजूर नाही. निव्वळ दिसण्यासाठी महिनोन्‌महिने प्रतिजैविक चारणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या जंतूंशी पुढे खरी गाठ पडेल ते तोवर त्या औषधाला सरावलेले असू शकतात.

पंज्यांवरचा तपकिरी रंग बहुधा लाळेचा. कुत्रं पंजे सतत चाटत असेल तर बोटांच्या बेचक्या उघडून बघा. तिथे लाली, चिकटपणा आणि आंबूस वास असेल तर मॅलासेझिया नावाची बुरशी वाढलेली असण्याचा संभव मोठा. डॉक्टर क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल असलेला शाम्पू देतात. तो लावून दहा मिनिटं ठेवावा लागतो, लगेच धुतला तर पैसे पाण्यात. चाटण्याचं मूळ ॲलर्जीत असेल तर आधी तिच्यावर इलाज करावा लागतो. लघवीने पोटाखालचे केस पिवळे होतात, ते आखूड कापून पुसत राहिलं की पुरतं.

निळसर-जांभळ्या शाम्पूने पांढरा रंग खुलतो हे खरं. पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्यामागे जे तत्त्व आहे तेच इथे: निळी झाक पिवळटपणा झाकते. कधीमधी वापरायला हरकत नाही. घरातली नीळ मात्र कुत्र्याला लावू नका. आणि डागांना कंटाळून स्पिट्झचे सगळे केस उतरवू नका. दुहेरी केसांच्या या कुत्र्यांत ते कधीकधी धड परत येत नाहीत.

एक सांगणं. दोन्ही डोळ्यांखाली लहानपणापासून सारखी रेघ असेल तर सवडीने दाखवा. पण एकाच डोळ्याखाली अचानक डाग आला, पाणी घट्ट किंवा हिरवट झालं, कुत्रं डोळा मिटून धरू लागलं किंवा पंज्याने चोळू लागलं, तर कापूस बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.